आपली चाळणी आपणच करावी

आमच्या स्वयंपाकघरात डब्याचं एक जुनं पत्र्याचं झाकण आहे. त्याला खिळ्याने ठोकून ठोकून भोकं पाडलेली. सासूबाईंनी कधीकाळी तीळ चाळायला केलेलं. बाजारातल्या चाळण्यांची भोकं एक तर फार बारीक, नाहीतर फार मोठी. मग काय, खिळा घेतला, हातोडी घेतली आणि आपल्याला हवी तशी चाळणी करून टाकली! या झाकणाची आठवण मला परवा झाली ती चक्क कॉम्प्युटरसमोर बसून.

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत मेहकरला आली, ती लॅपटॉप घेऊनच. "मावशी, हे बघ, पॅराव्ह्यू." आकड्यांची चित्रं करणारं हे सॉफ्टवेअर. अमेरिकेतली किटवेअर कंपनी आणि लॉस अलामॉसची राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी २००० साली त्याचं काम सुरू केलं, २००२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. शास्त्रज्ञ त्यात वादळं, विमानाभोवतीची हवा असलं काय काय बघतात. पण ते फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं.

त्यात 'फिल्टर' असतात. फिल्टर म्हणजे चाळणीच हो! आकडे वरून टाकायचे, हवे ते खाली घ्यायचे. अमुक आकड्यापेक्षा जास्त तेवढेच दाखव, इथून काप, सारख्या उंचीच्या रेषा काढ, अशा कितीतरी चाळण्या तयार मिळतात. बटण दाबलं की झालं.

भाचीने सरावासाठी विहिरी घेतल्या होत्या. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. त्याच धर्तीवर तिने मनाने दोन विहिरी रचल्या. जमिनीपासून पाणी किती मीटर खाली, ते आकड्यात. पहिली विहीर ४, ६, ९ आणि १३. दुसरी ३, ६, ९ आणि मे महिन्याचा रकाना रिकामा. मग एक्सेलमध्ये सरासरी काढली. पहिलीची आली ८, दुसरीची ६. चित्रात दुसरी विहीर छान निळी दिसू लागली, पहिली फिकट. म्हणजे दुसरीचं पाणी जास्त वर!

सासूबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "तो खण रिकामा काहून?" भाची म्हणाली, "आजी, मे महिन्यात मोजलं नाही असं धरलंय." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मे महिन्यात मोजायले पाणी राह्यते कुठं?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. विहीर कोरडी पडली म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून एक्सेलने तो रकाना सोडून दिला, आणि सोडून दिला म्हणून कोरडी विहीर चांगली ठरली! रिकाम्या जागी शून्य धरलं असतं तर आणखीच कहर. शून्य मीटर म्हणजे पाणी थेट काठापर्यंत. सरासरी साडेचार आली असती.

आता तयार चाळण्यांपैकी एकही उपयोगाची नव्हती. पण पॅराव्ह्यूमध्ये 'प्रोग्रॅमेबल फिल्टर' नावाची एक कोरी चाळणी असते. भोकं आपण पाडायची, पायथन या भाषेत चार ओळी लिहून. भाचीने लिहिलं त्याचा अर्थ एवढाच : प्रत्येक विहिरीचा मे महिन्याचा आकडा बघ, नसेल तर १ लिही, असेल तर ०. मग १ ला लाल रंग दिला. दुसरी विहीर लालभडक झाली.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं इथेच आहे. घाटावर असो की घाटाखाली, आपल्या जिल्ह्यात मे महिन्याचा तो रिकामा रकाना कोण भरून काढतं? डोक्यावर हंडा घेतलेली बाई. तिच्या पायपिटीचा महिनाच हिशेबातून गळतो, आणि कुणी मुद्दाम गाळत नाही, चाळणीच तशी असते. तयार चाळणी करणाऱ्याने काय गाळायचं, काय ठेवायचं हे आधीच ठरवलेलं असतं. त्याला आपली विहीर कुठे माहीत?

आपण मुलींना कॉम्प्युटरच्या क्लासला घालतो. त्या टायपिंग शिकतात, तक्ते भरतात, सर्टिफिकेट आणतात. चांगलंच आहे. पण दुसऱ्याने केलेली बटणं दाबण्यावरच थांबायचं का? "प्रोग्रॅमिंग मुलींना जमत नाही, पुण्यामुंबईच्या पोरांचं काम ते" असं अजूनही ऐकू येतं. ज्या घरात बायका पिढ्यान्‌पिढ्या सूप, चाळणी, माप हाताळतात, तिथे 'असेल तर हे, नसेल तर ते' एवढी चार ओळींची रीत जमणार नाही?

मात्र एक लक्षात ठेवायचं. रिकामा रकाना म्हणजे विहीर कोरडीच, असंही नाही. कधी मोजणारा पोचलाच नसेल. लाल रंग म्हणजे निकाल नव्हे, तो प्रश्न आहे. उत्तरासाठी गावात जाऊन तिथल्या बायांनाच विचारावं लागेल. ओळी लिहिणारी मुलगी आणि पाणी भरणारी बाई, दोघी एकत्र बसल्या तरच चाळणी खरी होते.

भाची परत जाताना सासूबाईंनी तिच्या पिशवीत तिळाचे लाडू घातले. आणि म्हणाल्या, "पोरी, तो मे महिना सोडू नको हं."