तीन मिनिटांची हुरहूर

विरहगीत हे अभिजनांच्या दृष्टीने नेहमीच थोडे हलके मानले गेले आहे. अमेरिकेत ग्रामीण गायकांच्या संगीताला शहरी मंडळी दीर्घकाळ कुचेष्टेने डोंगरी गाणी म्हणत. १९८० साली जॉर्ज जोन्स या गायकाने मरेपर्यंत एकीवरच प्रेम करणाऱ्या माणसाचे गाणे गायिले. ते इतके उदास आहे की कोणी विकत घेणार नाही, अशी खुद्द गायकाचीच समजूत होती. श्रोत्यांनी मात्र ते अग्रस्थानी नेले.

मराठीत याहून बोलके उदाहरण आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३०च्या दशकाच्या प्रारंभी जी. एन. जोशी यांनी ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताचे युग तेथून सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते. कवी वकील, गायकही वकिलीचे शिक्षण घेतलेला. आणि बोलणारी मात्र खेड्यातली एक मुलगी! रानातून आलेल्या शिळेने ती वेडावली आहे आणि प्रियकराच्या थोर कुळाचे दडपणही तिच्या मनावर आहे. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्या वेळात रागविस्तार कसला होणार? शब्दच पुढे आले. (स्त्रीची व्यथा पुरुषाने गावी याचे मात्र कोणास नवल वाटले नाही, बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात ते वाटण्याचे कारणही नव्हते.)

परंतु या लोकप्रियतेतील एक विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या मुलीची भाषा पुस्तकी नाही. तिचे उच्चार, तिची क्रियापदे व्याकरणाच्या तासाला टिकणार नाहीत. तरीही सुशिक्षितांनी ती कौतुकाने ऐकली, १९५४ साली ‘शीळ’ हा संग्रह ग्रंथरूपाने आला, आणि कवितेला प्रतिष्ठा लाभली. तीच बोली वर्गात एखाद्या मुलाच्या तोंडून आली तर? डहाणू तालुक्यात, चिखल्यासारख्या किनाऱ्यावरील गावांत मांगेली आणि वारली बोलत वाढलेले मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या वहीवर लाल शाईच्या रेघा उमटतात. वारल्यांच्या लग्नात धवलेरी जी गीते गाते त्यांत शब्दांची श्रीमंती कमी नसते. पण त्यांची तबकडी निघून घराघरांत वाजली नाही, म्हणून ते ‘अशुद्ध’!

शिक्षकांवर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. परीक्षेची उत्तरपत्रिका प्रमाण भाषेतच लिहावी लागते, हे त्यांना टाळता येत नाही. तथापि प्रमाण भाषा शिकविण्यासाठी घरची भाषा खोडावीच लागते, हा समज कोठून आला? ‘शीळ’ शिकविताना तिच्या शब्दांशेजारी वर्गातील मुलांचे शब्द फळ्यावर लिहायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्यासाठी लागेल तो एक तास, आणि खडू.