नवा गोऱ्हा, जुना बैल: चिनी विमानांवरील इंजिन-चाचण्या आणि आपले ओझर

आमच्या बेंबळीत (धाराशिव) नवा गोऱ्हा औताला शिकवायचा असेल, तर त्याला एकट्याला कुणी जुंपत नाही. जोडीला शिकलेला, सावकाश चालणारा बैल देतात. गोऱ्हा बिथरला तरी जुना बैल ओळ सोडत नाही. चार तास वाकडे जातात. मालकाने ते आधीच मनाशी धरलेले असते. आजचा थ्रेड लढाऊ विमानांच्या इंजिनांविषयी आहे, पण ही जोडी डोळ्यांसमोर असू द्या.

१९९६ मध्ये चीनने सुखोई-२७ जातीची २०० विमाने शेनयांगच्या कारखान्यात जोडण्याचा परवाना रशियाकडून मिळवला. त्यात एक मेख होती. सांगाडा शेनयांगला जोडायचा, इंजिने मात्र रशियाकडूनच विकत घ्यायची. सुमारे शंभर विमानांनंतर चीनने ही मालिका थांबवली आणि त्याच सांगाड्यावर स्वतःचे जे-११बी उभे केले. त्यासाठी डब्ल्यूएस-१०, म्हणजे ‘ताइहांग’, हे देशी इंजिन तयार होत होते. सुखोईला दोन इंजिने असतात. आरंभीच्या चाचण्यांत एका बाजूला रशियन एएल-३१ आणि दुसऱ्या बाजूला ताइहांग, अशी विमाने उडवली गेली. गोऱ्हा आणि बैल!

पुढचा भाग चीनला भूषणावह नाही, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. ताइहांग सेवेत आले तेव्हा ते भरवशाचे नव्हते. काही जे-११बी विमानांना पुन्हा रशियन इंजिने लावावी लागली. एकाच इंजिनावर उडणाऱ्या जे-१० मध्ये तर कित्येक वर्षे रशियन इंजिनच राहिले, कारण तिथे इंजिन बंद पडले की विमानच पडते. ११ जानेवारी २०११ रोजी जे-२० प्रथम उडाले, तेही रशियन इंजिनांवर. परंतु दोन इंजिनांच्या विमानांवर ताइहांग उडत राहिले, बिघडत राहिले, सुधारत राहिले. २०१८ च्या चुहाई प्रदर्शनात एका जे-१०बी ने दिशा बदलणाऱ्या झोताच्या ताइहांगवर कसरती केल्या. पुढे जे-२० मध्येही रशियन इंजिनाची जागा ताइहांगने घेतली.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असते: ‘त्यांनी चोरी केली.’ मला हे उत्तर अपुरे वाटते. नक्कल झाली, हे खरेच. पण आराखडा हाती आल्याने इंजिन होत असते, तर ते आपल्याकडे केव्हाच व्हायला हवे होते. आपल्याकडे तर आराखडे परवान्याने, राजरोस आले.

ऑगस्ट १९६२ मध्ये भारताने सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि मिगचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला. चीनला याच मिग-२१ चा परवाना १९६१ मध्ये मिळाला होता. मॉस्को-पेकिंग बेबनावात कागदपत्रे अर्धवट राहिली, तरी १९६६ मध्ये त्यांचे जे-७ उडाले. म्हणजे शेनयांग आणि ओझर यांनी एकच धडा जवळजवळ एकाच काळात गिरवायला घेतला. ओझरने सांगाडे बनवले, ओडिशातील कोरापुटने इंजिने. मिग-२१, मिग-२७, मग सुखोई-३० एमकेआय. साडेसहाशेच्या आसपास मिग-२१ आपण घडवली. एवढ्या पसाऱ्यात आपल्या स्वतःच्या इंजिनासाठी एक विमान बाजूला काढावे, असा शिरस्ता मात्र पडला नाही.

गंमत अशी की हा प्रयोग आपण चीनच्या कितीतरी आधी केला होता, तोही इजिप्तसाठी. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळूरला घडलेले ‘मरुत’ १७ जून १९६१ रोजी उडाले. सांगाडा सरस, ऑर्फियस इंजिन दुबळे. अधिक ताकदीच्या ऑर्फियससाठी ब्रिटिश कंपनीने विकासखर्च मागितला. तो आपण दिला नाही. तेव्हा नजर वळली इजिप्तच्या ई-३०० इंजिनाकडे. एक मरुत हेलवानला पाठवले गेले, आणि मार्च १९६७ मध्ये ते एका बाजूला ई-३००, दुसऱ्या बाजूला ऑर्फियस घेऊन उडाले. त्याच जूनमध्ये इजिप्तवर युद्ध कोसळले. १९६९ मध्ये तो प्रकल्पही बंद पडला. १० जानेवारी १९७० रोजी मरुतच्या अधिक जोराच्या आवृत्तीची चाचणी घेताना ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मृत्युमुखी पडले. चाचणीची किंमत अशीही असते, हे विसरून मी हा थ्रेड लिहीत नाही.

आता कावेरी. १९८९ मध्ये ३८२.८१ कोटी रुपयांना मंजूर झालेले हे इंजिन तेजससाठी होते. तेजस एका इंजिनाचे, म्हणजे जोडीला बैलच नाही. शिवाय स्वतःचे उडते चाचणीयान आपल्याकडे नव्हते. नोव्हेंबर २०१० मध्ये कावेरी रशियात, चार इंजिनांच्या आयएल-७६ मालवाहू विमानाला एका जागी लावून उडवावे लागले. चीनकडे तसेच आयएल-७६ स्वतःचे आहे. कावेरी अपेक्षित जोर गाठू शकले नाही, आणि सुखोईच्या इंजिनापेक्षा ते बरेच लहान. ते ओझरच्या सुखोईत जसेच्या तसे बसले नसते. हे मान्यच. भट्टीत न वितळणारी पाती घडवण्यातही आपण मागे होतो. पण अपुऱ्या इंजिनाला प्रयोगशाळेतच ठेवून ते पुरे होत नाही. तेजस अमेरिकी इंजिनावर गेले आणि कावेरीची घाई कुणालाच उरली नाही.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या नव्या साखळीतून पहिले तेजस एमके-१ए आकाशात झेपावले. टाळ्या मीही वाजवल्या. त्याची ९९ इंजिने २०२१ मध्ये अमेरिकेकडे मागवलेली. पहिले मिळायला मार्च २०२५ उजाडला. विमान ओझरचे, वेळापत्रक दुसऱ्याचे.

पुढचे एएमसीए हे दोन इंजिनांचे आहे आणि त्यासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर नव्या, मोठ्या इंजिनाचा बेत आहे. ते इंजिन हाती यायला दशक लागेल. ओझरला सुखोईंची मोठी दुरुस्ती होते. त्यांतली दोन जुनी विमाने आजच चाचणीसाठी नावावर करून ठेवावीत, हवाई दलाने ती ताफ्यात मोजू नयेत, आणि इंजिन आले की एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला कोरापुटचे जुने, असे ओझरहूनच उडवावे.