वाचलेल्यांचे आयुष्य

साखरविरहित शीतपेयाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते. हा पदार्थ ‘फेनिलकीटोन्युरिक’ व्यक्तींसाठी नाही, असा तिचा आशय असतो. आपण ती कधी ना कधी पाहिलेली असते, वाचलेली मात्र क्वचितच. अस्पार्टेम या कृत्रिम गोडव्यातून फेनिलॲलनिन नावाचे अमिनो आम्ल शरीरात जाते आणि काही माणसांच्या शरीराला त्याचा निचरा करता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. या माणसांचा आणि सर्वसामान्य वाचकाचा लेखी संबंध बहुधा या एका ओळीपुरताच असतो. ती ज्यांना उद्देशून लिहिली आहे त्यांच्यातली प्रौढ माणसे कशी जगतात आणि त्यांच्या जगण्याचा कस कोणी, कशाने ठरवायचा, हा या टिपणाचा विषय आहे. साहित्याच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात कशाला शिरावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की हा प्रश्न बऱ्याच अंशी कथनाचा आहे. गोष्ट कुठे संपली असे मानायचे, याचा आहे.

फेनिलकीटोन्यूरिया अथवा पीकेयू हा चयापचयाचा आनुवंशिक विकार आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो उद्भवतो. आईवडील स्वतः निरोगी असतात. प्रथिनांतून मिळणाऱ्या फेनिलॲलनिनचे टायरोसीनमध्ये रूपांतर करणारे यकृतातील विकर नीट काम करत नाही, म्हणून ते रक्तात आणि मेंदूत साचत जाते. उपचार न झाल्यास बाळाची बौद्धिक वाढ गंभीरपणे खुंटते. उपचार म्हणजे मुख्यतः आहार. मांस, मासे, अंडी, दूध, डाळी जवळजवळ वर्ज्य. भात-पोळीसुद्धा तोलून मापून. तीव्र प्रकारात नैसर्गिक प्रथिनांची दिवसभराची मर्यादा अनेकदा १० ग्रॅमच्याही आत असते. एका अंड्यातच सुमारे ६ ग्रॅम असतात. उरलेली गरज भागवण्यासाठी फेनिलॲलनिन वगळून तयार केलेले अमिनो आम्लांचे मिश्रण दिवसातून अनेकदा प्यायचे. त्याच्या चवीबद्दल आणि वासाबद्दल कोणीही चांगले बोलत नाही.

या विकाराचा इतिहास वाचताना एक गोष्ट जाणवते : तो बराचसा आयांनी घडवलेला आहे. नॉर्वेमधील एका आईला आपल्या दोन्ही मुलांच्या अंगाला, लघवीला विचित्र वास का येतो हे जाणून घ्यायचे होते. तिच्या चिकाटीमुळे १९३४ साली आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी त्या मुलांची लघवी तपासली आणि विकाराचे रासायनिक स्वरूप उघड झाले. बर्मिंगहॅममधल्या दुसऱ्या एका आईने आपल्या मुलीसाठी डॉक्टरांकडे सतत धोशा लावला. होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आहारोपचाराचा पहिला यशस्वी प्रयोग केला तो याच मुलीवर. त्याचा वृत्तांत १९५३ साली प्रसिद्ध झाला. तिसरी आई आपल्या ओळखीची आहे. १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या पर्ल बक यांची मुलगी कॅरल १९२० साली चीनमध्ये जन्मली. तिची वाढ का खुंटली हे बक यांना कळेना. १९२९ साली त्यांनी तिला न्यू जर्सीतील एका निवासी संस्थेत ठेवले आणि तिच्या भवितव्यासाठी पैसा लागेल ही चिंता त्यांच्या लेखनामागची एक मोठी प्रेरणा ठरली. ‘द गुड अर्थ’मधली वांग लुंगची ती न बोलणारी थोरली मुलगी ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे सांगण्याची फारशी गरज नाही. १९५० साली बक यांनी ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्रू’ लिहून मुलीविषयीचे मौन सोडले. विकाराचे नाव त्यांना कळले ते त्यानंतर, कॅरल चाळिशीच्या घरात असताना. कॅरल १९९२ पर्यंत जगली.

बक यांच्या पुस्तकाचे शीर्षक ‘कधीच मोठे न झालेले मूल’ असे आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढे जे घडले त्याने ही मुले मोठी होऊ लागली. रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर करायची साधी, स्वस्त चाचणी शोधली आणि १९६०च्या दशकात अमेरिका व युरोपात नवजात बालकांची सार्वत्रिक तपासणी सुरू झाली. निदान पहिल्या काही दिवसांत होऊ लागले, पथ्य लगेच सुरू होऊ लागले, मुले शाळेत जाऊ लागली. आधुनिक वैद्यकाची ही एक सुंदर यशोगाथा आहे आणि ती तशीच सांगितली जाते. अडचण एवढीच, की यशोगाथेला शेवट लागतो, आयुष्याला मात्र सातव्या वर्षानंतरही चालू राहावे लागते.

येथे ‘शेवट’ हा शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरत नाही. मेंदूची वाढ एका टप्प्यावर पुरेशी झाली की पथ्याची गरज उरत नाही, असे त्या काळी मानले जाई. अनेक ठिकाणी पाच-सहा वर्षांच्या, काही ठिकाणी त्याहून मोठ्या मुलांचे पथ्य सोडवण्यात आले. तुम्ही बरे झालात, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांतल्या मुली पुढे वयात आल्या, त्यांना दिवस गेले, आणि मग या ‘बरे होण्या’ची दुसरी बाजू दिसली. आईच्या रक्तातील फेनिलॲलनिन वाढलेले असेल तर ते गर्भाला इजा करते. बाळाला स्वतःला हा विकार नसला, तरी त्याचे डोके लहान राहू शकते, हृदयात दोष राहू शकतो, बुद्धी खुंटू शकते. १९८० साली अशा गर्भारपणांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला तेव्हा या प्रश्नाची व्याप्ती स्पष्ट झाली. ज्यांना वाचवले त्यांनाच आपण अर्धवट गोष्ट सांगितली होती, असा याचा सरळ अर्थ होतो. पथ्य आयुष्यभर चालू ठेवावे ही भूमिका अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेने २००० साली घेतली. तोपर्यंत पहिल्या पिढीतले अनेकजण तिशी ओलांडून दवाखान्याच्या नोंदींतून नाहीसे झालेले होते.

प्रौढपणी पथ्य सुटले तर बुद्धी एकदम लोप पावत नाही. लक्ष टिकत नाही, विचारांचा वेग मंदावतो, आखणी जमत नाही, चिंता आणि खिन्नता घर करतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही माणसे आळशी किंवा चिडखोर वाटतात. आणि पथ्य पाळले तर? तर प्रत्येक घास मोजायचा, लग्नाच्या पंगतीत स्वतःचा डबा उघडायचा, सहकाऱ्यांना तेच स्पष्टीकरण पुनःपुन्हा द्यायचे.

आपल्याकडे कोणी म्हणेल, पथ्यपाण्याचे आणि उपासतापासांचे एवढे काय, आपल्या घराघरांत ते चालतात. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक सांस्कृतिक गैरसमज आहे. आपल्या उपवासाला पारणे असते. तो आपण निवडलेला असतो, त्याला पुण्याची जोड असते, आणि शेजारीपाजारीही तोच धरून असल्याने त्यात एक सोबत असते. येथे पारणे नाही, पुण्य नाही आणि सोबतही नाही. आमटी-भाताचे ताट समोर आले की आमटी पूर्ण बाजूला सारायची आणि भात काट्यावर तोलायचा, हे कोणत्याही व्रतात बसत नाही.

आता ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ या संज्ञेकडे येऊ. मराठीत आपण तिला ‘जीवनमान’ म्हणतो आणि ती उत्पन्नाकडे झुकते. ‘जीवनाची गुणवत्ता’ म्हणतो आणि दहावीच्या गुणवत्ता यादीची आठवण होते. हा दुसरा अपघात मला अर्थपूर्ण वाटतो. पीकेयूच्या उपचाराचे यश कित्येक वर्षे बुद्ध्यंकाच्याच मापाने मोजले गेले. मूल शाळेत उत्तीर्ण झाले की काम झाले. पुढे जीवनाचा दर्जा मोजण्यासाठी सर्वसाधारण प्रश्नावल्या वापरल्या गेल्या. ३६ प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली जिने चढता येतात का, सामान उचलता येते का, अंग दुखते का, असे विचारते. पीकेयू असलेला प्रौढ जिने उत्तम चढतो. साहजिकच अशा अनेक पाहण्यांचे निष्कर्ष ‘इतरांसारखेच’ असे आले. केवळ या विकारासाठी रचलेली प्रश्नावली २०१५ साली सात देशांतील पाहणीनंतर प्रसिद्ध झाली. तिने मिश्रणाच्या चवीबद्दल विचारले, जेवणातल्या आनंदाबद्दल विचारले, पथ्य मोडल्यावर अपराधी वाटते का असे विचारले. आणि त्या अपराधभावाचे ओझे ठळकपणे समोर आले. जे विचारले नव्हते, ते ‘नाही’ असे धरले गेले होते.

आकड्यांचीही एक गंमत आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्तातील फेनिलॲलनिनची वरची मर्यादा सर्व वयांसाठी लिटरमागे ३६० मायक्रोमोल ठेवली. युरोपच्या २०१७च्या सूचनांनी बारा वर्षांवरील व्यक्तींसाठी ती ६०० ठेवली. गर्भारपणाचा अपवाद केला. म्हणजे ५०० हा आकडा असलेला माणूस अटलांटिकच्या एका तीरावर नियमात असतो आणि दुसऱ्या तीरावर बेशिस्त ठरतो. यात कोणी खोटे बोलत नाही. पुरावाच तेवढा निर्णायक नाही. पण त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात रोजचे काही घास असतात. ते सोडायचे की खायचे हे ठरवताना ज्याला ते सोडायचे आहेत त्याच्या साक्षीला किती वजन द्यायचे, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

या साक्षीत एक पेचही आहे, तो लपवू नये. फेनिलॲलनिन वाढले की ज्या मनाने प्रश्नावली भरायची तेच मन मंदावते. पथ्यावर परतल्यानंतरच आधीच्या धुक्याची जाणीव झाली, असे कित्येक प्रौढ सांगतात. शिवाय जन्मापासून हेच जगणे असल्याने तुलनेला दुसरे जगणे नसते. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हा अविश्वसनीय निवेदकाचा प्रश्न आहे. पण अविश्वसनीय निवेदक भेटला म्हणून आपण कादंबरी मिटून ठेवत नाही. अधिक सावधपणे, अधिक काळ वाचतो. वैद्यकाकडूनही हीच अपेक्षा आहे : एका दिवसाची प्रश्नावली नको, वर्षानुवर्षांची ओळख हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा प्रौढ अजूनही बालरोगतज्ज्ञाच्या दालनात, भिंतीवरच्या प्राण्यांच्या चित्रांखाली बसलेला असतो, नाहीतर कुठेच नसतो. नवी औषधे आली. २००७ साली मान्यता मिळालेली गोळी काहींनाच लागू पडते. २०१८ साली अमेरिकेत प्रौढांसाठी आलेल्या इंजेक्शनमध्ये तीव्र ॲलर्जीचा धोका असतो. त्यांतला कोणता धोका पत्करण्याजोगा आहे, हेही शेवटी जगण्याच्या दर्जाचेच मूल्यमापन आहे.

भारतात नवजात बालकांची सक्तीची देशव्यापी तपासणी अद्याप नाही. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात विशेष आहाराची गरज असलेल्या विकारांमध्ये पीकेयूचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. म्हणजे आपल्याकडची गोष्ट अजून पहिल्या प्रकरणातच आहे. ती पुढे सरकेल तेव्हा पाश्चात्त्यांची पन्नास वर्षांची चूक आपण टाळू शकतो : मूल वाचवण्याची योजना आखतानाच त्याच्या चाळिशीची योजना आखायला हवी.

मराठीत ‘वाचणे’ हे एकच क्रियापद जिवानिशी तरण्यासाठी आणि पुस्तक उलगडण्यासाठी वापरले जाते. पीकेयूची मुले वाचली; पण मोठेपणी त्यांना कोणी वाचले नाही. त्यांच्याविषयी आयांनी लिहिले, डॉक्टरांनी लिहिले. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात सांगण्यासारखी शोकांतिका घडली नाही, म्हणून सांगण्यासारखे काही नाही, असे आपण धरून चाललो. शोकांतिका न घडणे ही रोजच्या कष्टाची निष्पत्ती असू शकते, आणि ते कष्ट मोजायचे तर आधी विचारावे लागतात. बाटलीवरची ती बारीक ओळ यापुढे दिसली, तर तिच्या पलीकडे काट्यावर भात तोलणारे एक प्रौढ माणूस आहे, एवढे तरी ध्यानात असावे.