'फार चालावं लागत नाही'

आमच्या ऑफिसात सध्या आई-वडिलांना ट्रिप गिफ्ट द्यायची साथ आली आहे. पगार बरा, रजा कमी, घरी फोन करायला वेळ त्याहून कमी... मग त्यांच्या लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस जवळ आला की पोरं शनिवारी लॅपटॉप उघडून बसतात आणि दोन तासांत एक पॅकेज बुक करून मोकळी होतात. पॅकेज नेहमी एकाच जातीचं. विमान, एसी बस, रूमवर केक, बेडवर टॉवेलचा हंस, आणि वर एजंटची खात्री, 'सर, काळजीच नको, फार चालावं लागत नाही.'

या शेवटच्या वाक्याशीच माझं भांडण आहे.

ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे, ज्यांना मंडळी जमवून फिरायला आवडतं, त्यांच्यासाठी या टूर्स उत्तमच आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण आजूबाजूला बघा जरा. रविवारी सकाळी सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने जा. धापा टाकत दर वळणावर बसलेली माणसं आपल्या वयाची असतात (आयटी पार्कचं आयडी कार्ड गळ्यात नसलं तरी ओळखू येतात), आणि त्यांच्या बाजूने 'चला, चला, थोडंच राहिलं' म्हणत पुढे जाणारे काका-काकू साठीच्या पुढचे. ते वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन, उतरून, घरी पोचलेले असतात तेव्हा आपला नाश्ता चाललेला असतो. अशा माणसांना आपण सात दिवस बसमध्ये बसवायचं आणि त्याला गिफ्ट म्हणायचं?

आपल्या धंद्यात याला रिक्वायरमेंट गॅदरिंग न करता डिझाइन करणं म्हणतात. क्लायंटने असं केलेलं आपल्याला चालत नाही, आई-बाबांच्या बाबतीत मात्र आपण सर्रास करतो. आणि गंमत म्हणजे ही दोघं तक्रारही करत नाहीत. 'छान होती हं ट्रिप' म्हणतात, कारण पैसे पोराने भरलेत.

म्हणून माझा पहिला मुद्दा : विचारा. पण 'कुठे जायचंय?' असं विचारू नका, त्याचं उत्तर 'तुला बरं पडेल तिथे' असंच येणार. 'दिवसभर काय करायला आवडेल?' असं विचारा. मी हे आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सकाळचा चहा दुसऱ्या कोणी तरी करावा, आणि मग भरपूर चालावं. आणि हे बघ, आम्ही दोघंच असे कधी गेलोच नाही रे." खरंच आहे. लग्नानंतर जेजुरी आणि तीन दिवस महाबळेश्वर, तेवढंच. त्यानंतरच्या प्रत्येक प्रवासात आम्ही पोरं तरी होतो, नाहीतर आजी तरी. बाबा आता त्रेसष्टचे, आई साठीची. आज पाय चालताहेत. दहा वर्षांनी एसी बस असेलच, ती कुठे पळून जात नाही.

आता प्रश्न जागेचा. वाढदिवस मार्चमध्ये. आपल्याकडे तेव्हा पळस-पांगारा फुललेला असतो खरा, पण होळी झाली की ऊन असं तापतं की अकरानंतर चालायची सोय नाही. तेव्हा उत्तरेकडे किंवा त्याहून लांब.

सगळ्यांच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते जपानचं. साकुरा सुंदरच असणार, पण तोक्योत पूर्ण बहर टिकतो आठवडाभर, साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, आणि तिकिटं काढायची कितीतरी महिने आधी. म्हणजे जुगारच. तिथे मला भुरळ पडते ती वेगळ्याच गोष्टीची : मागोमे ते त्सुमागो ही जुन्या नाकासेंदो मार्गावरची आठेक किलोमीटरची वाट, जंगलातून, पाणचक्क्यांच्या गावांवरून. वाटेत अस्वलांना हाकलायला घंटासुद्धा टांगलेल्या आहेत! चालणाऱ्या जोडप्याला झक्कास. पण आमच्या घरी मासे चालत नाहीत आणि तिकडे साध्या रश्शातही माशाचा अर्क असतो, म्हणून बाद. श्रीनगरची ट्युलिप बाग तीन-चार आठवडेच फुलते आणि ती दोन तासांत बघून होते. शिवाय २२ एप्रिल २०२५ च्या पहलगामच्या हल्ल्यानंतर आई त्या नावाला तयार नाही, आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

मग राहिला बुरांश. म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडचा राज्यवृक्ष. आपल्याला कुंडीतली फुलं माहीत, हे चांगलं उंच झाड असतं, आणि फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात उंचीप्रमाणे लालभडक फुलतं. सिक्कीममधलं बार्से अभयारण्य याच फुलांसाठी प्रसिद्ध आहे, हिलेहून चारेक किलोमीटरची सोपी वाट आहे. नेपाळात घोरेपाणीच्या जंगलात तर डोंगरच्या डोंगर लाल. चोपता-तुंगनाथ सगळ्यांना इन्स्टाग्रामवरून पाठ आहेच.

आणि इथे मला खरी काळजीची गोष्ट सांगायची आहे, कारण आपण पोरं चुकीच्या गोष्टीला घाबरतो. आपण वयाला घाबरतो. घाबरायला हवं उंचीला. साधारण अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि त्याला तुमचा फिटनेस विचारून येण्याची सवय नाही. रोज सिंहगड चढणाऱ्यालाही तो होतो. उलट फिट माणूस जास्त धोक्यात, कारण तो भराभर वर जातो आणि डोकं दुखायला लागलं तरी 'काही नाही रे' म्हणून दडपतो. (आमच्या बाबांचं हे आवडतं वाक्य.) नियम साधा आहे : दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात ते महत्त्वाचं. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि त्रास वाढला तर उतरावं, वाट बघू नये. तुंगनाथचं देऊळ ३,६८० मीटरवर आहे, मार्चमध्ये वाटेवर बर्फ असू शकतो आणि कपाट तर बंदच असतं. घोरेपाणीला झोपायचं म्हणजे २,८०० च्या वर. अशक्य नाही, पण सात दिवसांच्या पहिल्याच ट्रिपसाठी कशाला?

म्हणून आम्ही ठरवलं कुमाऊं. बिनसर. अभयारण्याचा सर्वात उंच भाग, झीरो पॉइंट, जेमतेम २,४०० मीटर, म्हणजे झोपायला बिनधास्त. ओक आणि बुरांशाचं जंगल, आणि आकाश स्वच्छ असेल तर समोर त्रिशूळ, नंदादेवी, पंचाचूली. अभयारण्याच्या आत छोटी गावं आहेत, तिथे घरगुती राहायची सोय होते आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला पायवाटेने जाता येतं. बरोबर गावातलाच माणूस घ्यायचा. बिबट्यांचं जंगल आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत घरात. दोन दिवस जागेश्वरला : देवदारांच्या दरीत शंभरावर जुनी दगडी देवळं, आणि वर वृद्ध जागेश्वरला जाणारी चढाची वाट. आईला देव, बाबांना चढ. भांडण नाही!

मार्चच का, एप्रिल-मे का नाही? कारण तिथे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्यांचा हंगाम. चीडच्या वाळलेल्या सुया, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, त्या पेट घेतात, आणि जसजसा उन्हाळा वाढतो तसतसा धूर आणि धुरकं शिखरं झाकून टाकतं. जून २०२४ मध्ये बिनसरच्या वणव्यात वनखात्याची माणसं गेली. लवकर जाणं हा शहाणपणा आहे, थंडी वाजली तर स्वेटर आहे.

तयारी मोजकीच. चढापेक्षा गुडघ्यांना उतार महाग पडतो, म्हणून दोघांना दोन-दोन काठ्या. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचं आणि चढाचं डॉक्टरांशी आधी बोलून घेतलं, कारण काही गोळ्यांनी नाडी वाढायला आडकाठी येते. विमा काढताना जुने आजार खरे सांगितले. एका मित्राने विचारलं, "आणि तिथे रेंज नसली तर?" नसू दे ना. दिवसातून एकदा संध्याकाळी मेसेज, तोही जमला तर. आणि मी बरोबर जात नाहीये. हे घरात सांगितल्यावर आत्याने 'एकटं कसं सोडतोस त्यांना' म्हणून फोन केला. दोघं असताना एकटं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

दिल्लीहून काठगोदामपर्यंत रात्रीची रेल्वे, पुढे गाडी. रेल्वेचं बुकिंग नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे मी बरोबर आठच्या ठोक्याला लॉगिन करून बसलो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० च्या मार्चमध्येच बंद झाली, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. दोन्ही खालचे मिळवले आणि विजयी मुद्रेने बाबांना फोन केला. ते म्हणाले, "माझा वरचा घ्यायचास ना, खालच्यावर लोक येऊन बसतात."