इंजिनाचें तेल नासतें कशानें?

कित्येक शेतकरी बंधूंची अशी समजूत आहे कीं, इंजिनांतील तेल कमी दिसलें म्हणजे वरून भर घालावी, कीं निगा संपली. ही समजूत आम्हांस घातक वाटते. तेल नुसतें कमी होत नाहीं, तें नासतें. आणि नासलेल्या तेलांत नवें ओतल्यानें जुनें सुधारत नाहीं.

डिझेल जळून सिलिंडरांत जो मोठ्या दाबाचा वायु होतो, त्याचा थोडा अंश दट्ट्याच्या रिंगांजवळून निसटून खालीं तेलाच्या चेंबरांत उतरतो. नव्या इंजिनांतहि हें अल्प प्रमाणांत घडतेंच. परंतु रिंगा झिजल्या, किंवा काजळीनें खांचेंत चिकटल्या, म्हणजे गळती वाढते. या वायूबरोबर काजळी, न जळलेलें डिझेल, आम्लें व पाण्याची वाफ तेलांत येते. एक लिटर डिझेल जळलें असतां सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें, हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं! डिझेलानें तेल पातळ होतें, काजळी घर्षण वाढविते, आम्लें बेअरिंगचा धातु खातात. अशा झिजेनें गळती आणखी वाढते. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखाच हा प्रकार आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशांतील डिझेलांत गंधकाची मर्यादा दहा लक्ष भागांत १० भाग इतकी खालीं आणली गेली, त्यामुळें आम्लाची भीति पूर्वीपेक्षां कमी झाली, हें खरें. पण काजळी व पाणी त्या नियमास जुमानीत नाहींत. बांधावर गप्पा चालल्या असतां ट्रॅक्टर उगीच चालू ठेवण्याची चाल त्यामुळेंच वाईट. पुरतें न तापलेल्या इंजिनांत वाफेचें पाणी होऊन तें तेलांत राहतें.

याहूनहि अनर्थकारक चाल दुसरी आहे. ब्रीदरमधून धूर व तेलाचे थेंब येऊं लागले कीं कांहीं जण त्यांत चिंधी कोंबतात. तो धूर म्हणजे गळतीची वर्दी होय. तिचें तोंड बांधलें कीं आंत कोंडलेला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. उलटपक्षीं, तेल काळें झालें एवढ्यावरून घाबरूं नये. काजळी आपल्यांत धरून ठेवणें हें चांगल्या तेलाचें कामच आहे.

आमची सूचना अशी कीं, भाड्यानें ट्रॅक्टर देणाऱ्या प्रत्येक सोसायटीनें इंजिनाचे तास, तेल बदलल्याची तारीख व वरून घातलेली भर यांची वही ठेवावी. भर महिन्यागणिक वाढूं लागली, तर मेस्त्रीकडून सिलिंडरचा दाब तपासून घ्यावा व जरूर तर रिंगा बदलाव्या. क्रँकशाफ्ट खराब होईपर्यंत थांबणाऱ्यास रिंगांच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि तोहि बहुधा ऐन पेरणीच्या तोंडावर.