रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ आलंय? गरोदरपणातल्या स्क्रीनिंग टेस्टमागचं गणित

रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर लॅबची पीडीएफ आली. डबल मार्कर टेस्टचा रिपोर्ट. दुसऱ्या पानावर लाल चौकट, आत ‘१:२१०’ आणि खाली ‘हाय रिस्क’. माझं वय २८, पहिलंच बाळंतपण. डॉक्टर मॅडम सकाळी दहाशिवाय भेटणार नव्हत्या. मग काय, गुगल. अर्ध्या तासात इन्स्टाग्रामलाही सुगावा लागला असावा, कारण फीडमध्ये एनआयपीटी टेस्टची जाहिरात आली: ‘९९ टक्के अचूक, सॅम्पल घरबसल्या’.

एरवी मी इथे फोनचे प्रोसेसर आणि ॲपच्या परवानग्या समजावत असते. पण तो रिपोर्टही शेवटी सॉफ्टवेअरचं आउटपुटच आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातल्या दोन घटकांचं प्रमाण मोजतात. त्यात वय, वजन, किती दिवस गेलेत आणि सोनोग्राफीत दिसलेली बाळाच्या मानेमागची जाडी (एनटी) घालून सॉफ्टवेअर एक शक्यता काढतं. १:२१० म्हणजे असा आकडा आलेल्या २१० जणींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असू शकतो, २०९ जणींच्या नाही. १:२५० ही रेषा ठरवून घेतलेली आहे, तिच्या अलीकडे आकडा आला की लाल रंग. या पद्धतीत बाळ ठीक असलेल्या दर १०० जणींपैकी साधारण पाच जणींना ‘हाय रिस्क’ येतंच. हे निदान नव्हे, चाळणी आहे. पण लाल चौकटीत तसं कुठे लिहिलेलं असतं?

आमच्या बाबतीत इनपुटच चुकलं होतं. माझी पाळी ३५-३६ दिवसांनी येते. लॅबने पाळीच्या तारखेवरून १२ आठवडे ५ दिवस धरले. सोनोग्राफीप्रमाणे होते ११ आठवडे ४ दिवस. त्या काळात रक्तातला एक घटक वाढत असतो, दुसरा कमी होत असतो. आठवडा चुकला की पहिला उगाच कमी आणि दुसरा उगाच जास्त दिसतो, आणि दोन्हींमुळे धोका फुगतो. तारीख दुरुस्त करून पुन्हा गणित केलं तर आकडा आला १:६४०. लाल नाही, पण अगदी निवांत झोपावं असाही नाही. म्हणून सांगते, रिपोर्ट आला की आधी पहिलं पान बघा. वय, वजन, आठवडे आणि ते कशावरून मोजले.

आता एनआयपीटी घ्यायची का, हा प्रश्न उरला. ही टेस्ट खरंच कमाल आहे. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की आईच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे तुकडे फिरत असतात. ते प्रत्यक्षात वारेतून येतात, त्यामुळे कधीकधी वारेत असलेला दोष बाळात नसतोच. मशीन असे लाखो तुकडे वाचून २१व्या क्रोमोसोमचे जास्त आहेत का, हे मोजतं.

मग ९९ टक्क्यांचं काय? समजा १० हजार तरुण मुली आहेत आणि त्यांच्यात हजारी एक बाळ डाउन सिंड्रोमचं, म्हणजे एकूण १०. टेस्ट जवळपास सगळी पकडते. पण बाकीच्यांत हजारी एक जरी चुकीचा पॉझिटिव्ह आला, तरी ते आणखी १० होतात. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या २० जणींपैकी निम्म्यांची बाळं ठीक. चाळिशीतल्या बाईला हाच रिपोर्ट आला तर तो बहुतेक वेळा खरा ठरतो, कारण तिथे मुळात धोकाच शंभरात एक असतो. टेस्ट तीच, अर्थ वेगळा. जाहिरातीत हे येत नाही.

दुर्मीळ आजारांचं ‘प्रीमियम पॅनेल’ घेताना तर जास्तच सावध राहा. अशा काही टेस्टचे पॉझिटिव्ह निकाल सुमारे ८५ टक्के वेळा चुकीचे असतात, असं न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफडीएनेही इशारा दिला की फक्त या रिपोर्टवर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. पक्कं निदान वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासूनच होतं, आणि त्यात गर्भपाताचा थोडा का होईना धोका असतो.

याच टेस्टमधून मुलगा की मुलगी हेही कळू शकतं, पण आपल्याकडे ते सांगणं गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सगळ्यांत आधी, हा कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. सर्च इंजिनवरच्या अशा जाहिरातींबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१६-१७ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टला फैलावर घेतलं होतं. तरी ‘परदेशातून किट मागवून देतो’ असा मेसेज आलाच, तर ब्लॉक करा.

घरात मतं दोन होती. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हतं बाई हे काही. देवाने दिलं ते आपलं.” नवरा म्हणाला, “पैसे आहेत ना, करून टाक.” डॉक्टर मॅडमनी मात्र उलटा प्रश्न टाकला: “पॉझिटिव्ह आलं तर तुम्ही काय कराल?” आम्ही दोघं गप्प. तीन दिवस आम्ही त्यावरच बोललो. उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही. पण डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो आणि आधी कळलं तर बाळंतपण मोठ्या हॉस्पिटलमध्ये ठरवता येतं, हे आम्हाला पटलं. कायद्याने गर्भपाताची मुदत २०२१ पासून काही परिस्थितींत २४ आठवडे आहे, त्यात गर्भातला गंभीर दोषही येतो; त्यापुढे मेडिकल बोर्ड. उशिरा कळलं तर विचारालाही वेळ उरत नाही. टेस्ट नको म्हणणाऱ्या मैत्रिणीलाही मी चूक म्हणणार नाही. तिने त्या प्रश्नाचं उत्तर आधीच दिलंय, एवढंच.

एक टेस्ट मात्र कुणी टाळू नये असं मला वाटतं: थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्त तपासणी. स्वस्त आहे, आणि विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल नवा नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. हे लग्नाआधीही कळू शकतं.

सोमवारी एनआयपीटीचं रक्त दिलं. १४ हजार रुपये, निकाल दहा दिवसांत. फॉर्मवर ‘उरलेलं सॅम्पल आणि डेटा संशोधनासाठी वापरू’ असं बारीक अक्षरात होतं. तिथे मी ‘नाही’ वर खूण केली. आणि व्हॉट्सॲप नंबरच्या रकान्यात माझ्याऐवजी क्लिनिकचा नंबर लिहिला.