रस्ता ग्रामसभेत मागा

राधानगरी, गगनबावड्याच्या धनगरवाड्यांवर पावसात आजारी माणूस अजून डोलीतूनच खाली न्यावा लागतो. रस्ता मागितला की उत्तर ठरलेलं: जमीन वनखात्याची. साथींनो, हे अर्धंच खरं. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. ग्रामसभेनं शिफारस केली तर एक हेक्टरच्या आतली वनजमीन रस्त्याला देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, एवढी अट.

जमिनीच्या दाव्याचं जरा अवघड. धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून 75 वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा मागतात. आमच्या आज्ज्यानं कागद कुठनं ठेवायचा? पण म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, देवाचं ठाणं हेही नियम 13 प्रमाणे पुरावेच. एकापेक्षा जास्त जोडा. जबाब याच उन्हाळ्यात घ्या. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, कलम 4(5).